पंचेचाळीस किलो

सोमवार, २ ऑक्टोबर

नवी वही, नवं काम. पदवीनंतरचं राष्ट्रसेवेचं सक्तीचं वर्ष संपल्यावर दोन वर्षं मी काहीच लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. घरातली पहिली पदवीधर मुलगी आईच्या भट्टीवर मासे उलटत होती आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई विचारत होती, "एवुरामा, इतिहास शिकलीस ना? मग या माशाचा इतिहास सांग बघू."

आता मी गाईड आहे. फोर्सन साहेबांना सगळं केप कोस्ट ‘बोर्गा’ म्हणतं. वीस वर्षं जर्मनीत काढून आलेला माणूस, तिकडचं जाकीट इकडच्या उन्हात घालणारा. त्यांनी तिथून आठ जुन्या सेगवे गाड्या आणल्या आहेत. दोन चाकं, मध्ये उभं राहायला फळी, समोर दांडा. पुढे झुकलं की गाडी चालते, मागे झुकलं की थांबते. ब्रेक नाहीच.

"पोरी, याला लगाम नाही," गाड्या दुरुस्त करणारे एबोकाका म्हणाले. "तुझं अंग हाच लगाम. आणि अंगात पंचेचाळीस किलो तरी पाहिजेत, नाहीतर गाडी तुला ओळखतच नाही."

मला दिलेल्या हेल्मेटमध्ये कुणाच्या तरी परदेशी घामाचा वास आहे. दोनदा साबणाने धुतलं, तरी जात नाही.

घरी बाबा म्हणाले, "उभ्या उभ्या गाव बघायचं? मग पाय कशाला दिलेत देवाने?"

"तुम्ही नाही का होडीत बसल्या बसल्या समुद्र बघत?" आई म्हणाली. "माझ्या मुलीला साहेबासारखी टोपी मिळाली आहे. तुम्ही गप्प बसा."

आमचं काम मुलांचं आहे. मोठी माणसं किल्ल्यात जातात, तिथे किल्ल्याचे स्वतःचे गाईड असतात. आम्ही मुलांना, आणि हवं तर आईबापांना, गावातून फिरवतो. मुलांना खरा इतिहास सांगायची संधी. मी रात्रंदिवस हेच मागत होते.

शनिवार, ७ ऑक्टोबर

पहिली सहल. राजधानीतून, अक्राहून आलेलं कुटुंब, बारा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी, दोघंही माझ्यापेक्षा जड. किल्ल्याच्या भिंतीखाली थांबून मी सांगायला लागले, या तळघरांत गुलाम म्हणून विकायची किती माणसं कोंडली जात, किती दिवस, मग समुद्राकडच्या दारातून जहाजात. आई मध्येच म्हणाली, "मिस, वरवरचं सांगा हं. ही रात्री झोपायची नाहीत."

मुलाने विचारलं, "त्यांना संडास होता?"

"नव्हता," मी म्हणाले.

"ईई," तो म्हणाला, आणि बहिणीकडे बघून हसला. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू घाण मीच केली आहे.

फोर्सन साहेबांनी प्रत्येक थांब्याला तीन मिनिटं दिली आहेत. शिवाय एक कार्ड. प्रत्येक थांब्यावर मुलाच्या कार्डावर शिक्का मारायचा, पाच शिक्के झाले की आइस्क्रीम. दीपगृहाचा शिक्का, जुन्या तोफेचा शिक्का. आणि जिथून कुणी परत आलं नाही त्या दाराचा शिक्का. त्या शिक्क्यावर त्यांनी हसरा चेहरा कोरून घेतला आहे. मी तो शिक्का हातात घेतला आणि तो चेहरा अंगठ्याने झाकला. तरी मारला. मुलगा म्हणाला, "नीट उमटला नाही, परत मारा." परत मारला.

संध्याकाळी साहेबांना बोलले. "अगं, मुलं आहेत," ते म्हणाले. "रडका चेहरा काढला तर आइस्क्रीम कोण खाईल?"

या माणसाला कशाचीच लाज नाही. मला मात्र काहीतरी करायला हवं. आपल्या गावाचा इतिहास अक्राच्या जाड्या मुलांनी चाटून टाकायचा, आणि किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारी मुलं बाहेर उभी राहून चाकं बघणार.

सोमवार, ९ ऑक्टोबर

मागणी मांडली. खाडीजवळच्या शाळेतल्या सहावीच्या मुलांना सहल. फुकट.

"आपल्या पोरांना?" साहेब म्हणाले. "त्यांना काय दाखवायचं? ती तर राहतातच इथे."

"राहतात, पण त्यांना कुणी सांगितलेलं नाही."

मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हवेत चौकट धरली. "हेल्मेट घातलेली आपली पोरं, मागे होड्या, जाळी. मंगळवारी कर. मंगळवारी कोळी समुद्रावर जात नाहीत, सगळे किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले असतात. फोटो बरा येईल."

म्हणजे माझे बाबाही फोटोत. मी ते बोलले नाही. हो म्हणाले. त्यांचा हेतू घाणेरडा असला म्हणून माझा होत नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आज वजनं घेतली. किल्ल्याच्या भिंतीला लागून सावली असते, तिथे काटा मांडला. काटा आईचा, माशांच्या टोपल्या तोलायचा. दोन बादल्या पाणी ओतलं तरी धुराचा वास गेला नाही.

बावीस मुलं. गोंधळ होऊ नये म्हणून पद्धत मी स्वतः ठरवली होती आणि ती उत्तम चालली. एकेकाने चपला काढून काट्यावर चढायचं. मी वहीत लिहायचं, नाव, वय, वजन. शेवटचा रकाना खुणेचा. कुणाला खोकला असेल, पायाला जखम असेल, तर तिथे रेघ. मग निळ्या मार्करने दंडावर वजनाचा आकडा, म्हणजे कुणाला कुठली गाडी हे पुन्हा विचारायला नको. पंचेचाळीसच्या वरचे उजवीकडे, बाकीचे भिंतीकडे. वीस मिनिटांत उरकलं. वर्गशिक्षिका अमिसा बाई म्हणाल्या, "आमच्या हजेरीला याहून जास्त वेळ लागतो." बरं वाटलं.

एबोकाका नुसते बघत होते. "आकडा कागदावर पुरला नसता का?"

"कागद हरवतो, काका. हात हरवत नाही."

ते वळून गाड्यांकडे गेले.

त्याच वेळी किल्ल्यातून अमेरिकेतले पाहुणे, इथून नेलेल्यांचे वंशज, बाहेर पडले. त्यांतली एक म्हातारी बाई आमच्या रांगेसमोर थांबली, काट्याकडे आणि मुलांच्या दंडांकडे बघत राहिली, आणि तिथेच कठड्यावर बसून रडायला लागली. आत जाऊन आलेली पुष्कळ माणसं रडतात. मी तिला पाण्याचा पाऊच दिला. तिने हात मागे घेतला.

बावीसांतली तीन मुलं पंचेचाळीसच्या वर गेली. तीन. साहेब हसत सुटले. "ही पोरं आहेत का सुके बोंबील? एवुरामा, आधी तुझ्या आईला सांग, यांना मासे खायला घाल." तिघांना हेल्मेट घालून त्यांचे फोटो काढले आणि गेले. मला त्यांच्या त्या हसण्याची किळस येते. ओले, जाड ओठ, आणि दातांत सोनं.

भिंतीकडच्या रांगेतली एक मुलगी माझ्याजवळ आली. कूकुआ, अकरा वर्षांची. आई बाजारात केंकी, आंबवलेल्या मक्याचे गोळे, विकते. मघाशी मी तोफांबद्दल विचारलं तेव्हा तिने एकटीने उत्तर दिलं होतं की तोफांची तोंडं समुद्राकडे आहेत, कारण गोऱ्यांना भीती दुसऱ्या गोऱ्यांची होती.

"मिस, मला किती कमी पडले?"

"तू सदतीस आहेस. आठ कमी."

"आठ आणले तर चालेल?"

मी हसले. तीही हसली, पण ती विचार करत होती.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

आज पुन्हा वजनं घ्या म्हणून मुलं स्वतःच आली. कूकुआ काट्यावर चढली तर साडेएकोणचाळीस. एका आठवड्यात अडीच किलो. मला आनंद झाला. मग ती उतरली, दोन पावलं गेली आणि भिंतीशी वाकून ओकली. नुसतं पाणी. पाठोपाठ अजून दोघं. शाळेतून येताना त्यांनी पाण्याचे पाऊच एकामागोमाग एक ढोसले होते. खिशात दगडही होते.

सगळीकडे ओकारीचा आंबट वास, चिखल, त्यात माश्या. मासे विकणाऱ्या बायका पोट धरून हसत होत्या. "अगं, जाळ्याचे शिशाचे गोळे पण घाला म्हणावं पोटात."

"मिस, मी रिकामी झाले. आता परत सदतीस," कूकुआ म्हणाली. तिच्या हनुवटीवर पाणी होतं. आणि डोळे असे, की नाही म्हणायची माझी हिंमत होईना.

तेव्हाच सुचलं. वजन पोटात कशाला, पाठीवर घ्यावं. दप्तरात पाण्याचे सोळा पाऊच म्हणजे आठ किलो. सदतीस आणि आठ पंचेचाळीस.

एबोकाकांनी हातातला पाना खाली ठेवला. "पोरी, गाडीला किलो नको असतात. तिला झुकणं कळतं. पाठीवरचं ओझं झुकवायचं असलं तर झुकत नाही आणि नको असलं तर झुकतं. उतारावर ती मागे वाकेल आणि गाडी म्हणेल, कोण आहेस तू?"

"काका, हळू चालवू. मी बाजूला असेन."

"मी सांगितलं. बास."

साहेबांनी ऐकलं आणि टाळी वाजवली. "बघ, याला म्हणतात शिक्षण." त्यांना सगळी मुलं फोटोत हवी आहेत, म्हणून. पण काम माझं झालं. या माणसाच्या लोभाचा मी पहिल्यांदा चांगल्या कामासाठी उपयोग करून घेतला. त्या बायकांचं हसणं, ती ओकारी, सगळ्यावर पुढच्या मंगळवारी उत्तर मिळेल.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

जमेल तसं लिहिते.

माझी गाडी सोडून सात गाड्या, म्हणून पहिल्या फेरीला सात मुलं, सातही पाठींवर दप्तरं. सकाळपासून छान चाललं होतं. जुन्या व्यापाऱ्याच्या घरासमोर थांबलो, टेकडीवर दीपगृहाशी थांबलो. मी तीन मिनिटांच्या जागी वीस मिनिटं बोलले आणि मुलं ऐकत होती. कूकुआ म्हणाली, "मिस, वरून किल्ला किती पांढरा दिसतो. आत एवढा काळा, आणि बाहेर कुणी रंगवत असतं का दरवर्षी?" मी म्हणाले, हो, रंगवतात. "मग आतून का नाही?" ती म्हणाली. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता आणि त्याचाच मला आनंद झाला.

उतरताना मी सगळ्यांत पुढे होते. बाजूला राहीन म्हणाले होते. पण साहेब किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन उभे होते आणि हाताने खुणा करत होते, रांगेत या, तू पुढे ये. मी पुढे झाले.

मागून कूकुआचा आवाज आला, "मिस, थांबत नाही." ओरडली नाही. नुसतं सांगितलं. वळून पाहिलं तर ती पूर्ण मागे रेललेली, दप्तर एका खांद्यावर घसरलेलं, आणि गाडी तिला न जुमानता खाली येत होती. माझ्या बाजूने गेली. मी हात पुढे केला, पोचला नाही. रस्ता ओलांडून वाळूवर, पसरलेल्या जाळ्यांत चाकं गुंतली आणि ती दांड्यावरून पुढे फेकली गेली. पाऊच फुटले. क्षणभर मला वाटलं ते पाणी तिच्या अंगातूनच आलं.

जाळी विणणारे धावले. पहिले पोचले ते बाबा. उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला होता. बाबांनी तिला मांडीवर घेतलं. तिच्या दंडावर सकाळचा आकडा होता, सदतीस.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"वजन."

"कुठे घेतलं?"

"किल्ल्यापाशी. भिंतीला सावली असते म्हणून."

"कुणी लिहिलं?"

"मीच. शाई विषारी नाही, बाबा. दोन दिवसांत जाते."

बाबांनी कमरेचं फडकं सोडलं, पाण्यात भिजवून आणायला लावलं, आणि मोडलेला हात न हलवता तिचा दंड घासायला लागले. टॅक्सी येईपर्यंत घासत होते. मला कळेना. हात मोडला आहे आणि हे दंड काय धुताहेत.

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांच्या जाळ्याला कमरेएवढं भोक पडलं आहे, त्याचा राग असेल.

गुरुवार, २ नोव्हेंबर

हात जुळवून प्लास्टर घातलं. सहा आठवडे.

सकाळी साहेब रडकुंडीला आले होते. नगरपालिकेचे लोक चौकशी करतील, गाड्या जप्त होतील. दुपारी मात्र आले ते शीळ घालतच. "एवुरामा, काल कोणता वार होता? परवा कोणता होता?"

"परवा मंगळवार."

"मंगळवारी किनाऱ्यावर चाकं घातली आपण. समुद्राच्या विश्रांतीच्या दिवशी. जाळी तुडवली." ते हसत होते. "चूक झाली. मोठी चूक. जाऊन पाया पडू."

मंगळवार, ७ नोव्हेंबर

कोळ्यांचे प्रमुख, ज्यांना सगळे नाना म्हणतात, मंगळवारी होड्यांच्या छपराखाली बसून तंटे ऐकतात, कारण त्या दिवशी सगळे जमिनीवर असतात. नानांशी थेट बोलत नाहीत. सोन्याच्या मुलाम्याची काठी घेतलेले एक म्हातारे बाजूला बसतात, आपण त्यांना सांगायचं आणि ते नानांना सांगतात, नाना दोन हातांवर बसलेले असले तरी. मी लहान असताना याला हसायचे. विद्यापीठात यावर निबंध लिहिला, तेव्हापासून हसत नाही.

साहेब चपला काढून, जाकीट काढून, खांदा उघडा करून उभे राहिले. हा माणूस जर्मन बोलल्याशिवाय चहा पीत नाही. म्हणाले, "मी परदेशात राहून रीत विसरलो. समुद्राच्या दिवशी त्याच्या अंगणात चाकं घातली. त्याने मला धडा दिला, पण लागलं लेकराला."

काठीवाल्या आजोबांनी ते सजवलं. "नाना, हा लेक म्हणतो की दूरच्या बर्फाने त्याच्या तळव्यांची आठवण गोठली होती, आणि आपल्याच आजोबांच्या ओसरीत तो बूट घालून चढला." लोक हुंकारले. कुणीतरी डोळे पुसले. मला इतकी शिसारी आली की मी वाळूकडे बघत राहिले.

दंड म्हणून श्नाप्स दारूच्या दोन बाटल्या आणि एक मेंढा ठरला. साहेबांनी मान तुकवली, हसू दाबत. मग आजोबांनी सगळ्यांना विचारलं, "अजून कुणाला काही सांगायचं आहे?"

बाबा माणसांच्या मागे उभे होते. ते नानांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी काही बोलले नाही. याचा मी नीट विचार केला आहे. शिकलेल्या माणसाने आपल्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखायला हवा. यंत्र, वजन, उतार हे एक स्पष्टीकरण आहे, समुद्र हे दुसरं आहे. माझंच खरं असं भर सभेत म्हणणं म्हणजे गोऱ्यांचंच काम पुढे चालवणं. शिवाय सहल बंद झाली तर गावच्या मुलांना पुन्हा कोण विचारणार? सगळे समाधानी आहेत. कूकुआची आईसुद्धा साहेबांच्या पाया पडली.

जाताना साहेब कानाशी म्हणाले, "शहाणी आहेस. ती वजनांची वही फाडून टाक. डिसेंबरपासून तू मुख्य गाईड." त्यांच्या तोंडाला श्नाप्सचा वास होता.

बाबा आजही स्वतःहून बोलले नाहीत. जाळं एकटे शिवत बसले. मी सुतळी धरायला गेले तर म्हणाले, "हात धुऊन ये." धुऊन आले तोवर ते उठून गेले होते.

शनिवार, ११ नोव्हेंबर

कूकुआकडे गेले. आइस्क्रीम नेलं, ते वाटेतच वितळलं. ती ओट्यावर बसली होती, प्लास्टरवर अमिसा बाईंची सही. मला बघून उठली, डावा हात पुढे केला आणि म्हणाली, "मिस, माफ करा, डावा आहे."

तिच्या आईने मला पाणी दिलं आणि परत चुलीपाशी गेली. बसल्या बसल्या मी पाहिलं. शेजारीण आली, कूकुआने डाव्या हाताने तिला वाडगा दिला, "मावशी, माफ करा, डावा आहे." धाकट्या भावाला चमचा दिला, त्यालाही. दिवसाला शंभर वेळा म्हणत असेल. कुणी तिला म्हणत नव्हतं, राहू दे.

"शाळेत जातेस?"

"जाते. मागच्या बाकावर बसते. एकटी."

"का?"

"मी मंगळवारची आहे ना. मुलं म्हणतात, समुद्राने मला हात लावलाय, अजून सोडलं नाही. मला मंगळवारच म्हणतात. ‘मंगळवार, खडू दे.’" ती हे जांभई दिल्यासारखं सांगत होती. "आजीने मला पहाटे समुद्रात उभं केलं अंडं घेऊन. तीनदा माफी मागायची आणि अंडं टाकायचं. पहिलं अंडं लाटेने परत आणलं. मग आजी रडली."

"कूकुआ, समुद्राचं काही नाही त्यात."

"आहे, मिस. मला माहितीय का ते. तुम्हाला सांगितलं नाही." तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्ही सोळा पाऊच घातले ना, मी त्यातला एक वाटेत पिऊन टाकला. तहान लागली म्हणून. साडेचव्वेचाळीस किलोच झाले. मी फसवलं. म्हणून त्याने मला पकडलं. बाकीच्यांना नाही पकडलं."

काहीतरी बोलले आणि उठले. गल्लीच्या टोकाला गटारापाशी मला वांती झाली. एक बाई म्हणाली, "पोटुशी आहेस का गं?"

सोमवार, १३ नोव्हेंबर

वही फाडायला उघडली. नाव, वय, वजन, खूण. खोकला, जखम, रेघ. असे रकाने मी कुठे पाहिले होते ते आठवलं. तिसऱ्या वर्षी, ग्रंथालयात, हातमोजे घालून, गुलामांच्या व्यापाऱ्याच्या जुन्या वहीत. फक्त त्यात नावाचा रकाना नव्हता. तेव्हा मी त्या वहीच्या मालकाबद्दल चार पानं लिहिली होती आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

बाबा दंड का धूत होते, ते कळलं. हात तेव्हापासून तीनदा धुतले आहेत.

एबोकाकांनी सांगितलं होतं. हेही लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला विसरता येणार नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

सकाळी आधी कूकुआच्या घरी गेले आणि तिच्या आईला म्हणाले, पोरीला घेऊन छपराखाली या. का, म्हणून तिने विचारलं. मी म्हणाले, तिथेच सांगते. दोनदा सांगायची ताकद नव्हती.

मेंढ्याचं मांस वाटून झालं होतं, वाळूत अजून रक्त होतं आणि त्यावर कुत्री. साहेब पुढच्या रांगेत बसले होते. मला बघून त्यांनी शेजारची जागा थोपटली.

मी चपला काढून काठीवाल्या आजोबांसमोर उभी राहिले. "आजोबा, नानांना सांगा. मंगळवारचा काही संबंध नाही. कूकुआ सदतीस किलोची होती. गाडीला पंचेचाळीस लागतात. मला माहीत होतं. मी तिच्या पाठीवर पाण्याचं ओझं बांधलं आणि तिला चढवलं."

साहेब उठले. "ही मुलगी दमली आहे, नाना, हिला झोप नाही." कुणीतरी त्यांना खाली बसवलं. इथे मध्ये बोलत नाहीत.

आजोबांनी घसा साफ केला. "नाना, ही लेक म्हणते की तरुण हातांना ओझ्याची ओळख उशिरा पटते, आणि तिच्या मायेनेच..."

"आजोबा, असं नाही," मी म्हणाले. "मायेने नाही. मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मला सगळ्यांनी चांगलं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले तसंच सांगा."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. ते रागावले नव्हते, अवघडले होते. "मुली, उघडा शब्द नानांच्या कानात टाकायचा नसतो. म्हणून तर मी बसलोय इथे."

"मग नानांसाठी नंतर सजवा. आधी एकदा त्या मुलीसाठी तसाच सांगा. ती तिकडे बसली आहे, तिला ऐकू यायला हवं."

आजोबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी पायाच्या अंगठ्याने वाळू उकरली. मग त्यांनी मान डोलावली.

आजोबा उभे राहिले. या छपराखाली ते उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. जाळी विणणाऱ्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात ते म्हणाले, "मंगळवारचा संबंध नाही. मुलगी सदतीस किलोची होती. पंचेचाळीस लागतात. हिला माहीत होतं. हिने ओझं बांधलं आणि तिला चढवलं."

दुसऱ्याच्या तोंडून ते फार लहान झालं. एवढंच होतं ते.

कूकुआची आई गर्दीतून पुढे आली. ना आजोबांकडे बघितलं ना नानांकडे, सरळ माझ्यासमोर. पीठ लागलेले हात तसेच.

"पोरीने मला सांगितलं, एक पाऊच पिऊन टाकला. त्याने झालं का?"

"नाही. एकाने काही झालं नसतं. सोळा असले तरी पडलीच असती."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"शिकलेली आहेस तू."

"हो."

मला वाटलं मारेल. ती माझ्या पायांशी थुंकली, पायांवर नाही, पायांशी, आणि मागे वळली. "ऐकलंस ना गं? समुद्राचं काही नाही. पाण्याचंही नाही. हिचं आहे."

बाजूला साहेब काहीतरी बोलत होते, नोकरीबद्दल, वकिलाबद्दल. बाबा मागे खांबाला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी कूकुआकडे बघत होते.

ती आधी आईकडे बघत होती, मग प्लास्टरकडे. मोठं गणित सोडवताना मुलं बघतात तसं, हळूहळू, एकेक पायरी. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ती माझ्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते गेलं होतं. नाकपुड्या आक्रसल्या, ओठ वाकडा झाला. सडका मासा हातात आला की माणूस करतो तसं तोंड.

ती तशीच बघत राहिली. मला नजर वळवावीशी वाटत होती. तिचं पोटभर बघून होईपर्यंत मी वळवली नाही.